गावच्या दगडावर आकडा आहे, नावं नाहीत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मी ऐरोलीत राहते. टपाल खात्यात ३४ वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. त्यातली बरीचशी वर्षं पत्रांच्या छाननीत, म्हणजे सॉर्टिंगला गेली. गेल्या जूनमध्ये लेकीकडे ब्रुसेल्सला गेले होते. तिथून तिनं मला एका दिवसासाठी ईपर नावाच्या गावी नेलं. त्या संध्याकाळी तिथं जे पाहिलं आणि परत आल्यावर आमच्या गावच्या मंडळाच्या बैठकीत जे झालं, ते दोन्ही सांगावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. ठाणे आणि नवी मुंबईत सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगडकडची जी मंडळी राहतात, त्यांच्यापर्यंत ते विशेष करून पोचावं. पत्र लांबलं आहे. जागा कमी पडली तर माझा प्रवास कापा, पण शेवटची विनंती कापू नका.

ईपर हे बेल्जियमच्या पश्चिमेचं छोटं शहर. पहिल्या महायुद्धात चार वर्षं त्याच्या पूर्वेला आघाडी होती आणि तोफांनी शहराची माती झाली. आज तिथं दिसणारी जुन्या घाटाची घरं, बाजारपेठेतली ती मोठी कापडपेठेची इमारत, सगळं नंतर पुन्हा बांधलेलं आहे. गावाच्या पूर्वेच्या वेशीतून सैनिक आघाडीवर जात. त्याच जागी १९२७ साली एक भली मोठी कमान उभी राहिली, मेनिन गेट. या भागात जे मेले आणि ज्यांची प्रेतंसुद्धा सापडली नाहीत, अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावं तिच्या भिंतींवर कोरली आहेत. कुणाचे अवशेष शेतात नांगरताना मिळाले आणि ओळख पटली, तर त्याला रीतसर पुरतात आणि भिंतीवरचं नाव पुढं काढून टाकतात. लेकीनं हे सांगितलं तेव्हा मला आमचं रिटर्न्ड लेटर ऑफिस आठवलं. ज्या पत्राचा धनी सापडत नाही ते तिथं पडून राहतं, पत्ता लागला की यादीतून कमी होतं.

कार्यक्रम आठला असतो. लेक म्हणाली, सातलाच जाऊन उभं राहू, गर्दी होते. माझे गुडघे काही धड नाहीत, पण भिंतीला टेकायला जागा मिळाली. कमानीखालून रहदारीचा रस्ता जातो. मोटारी, सायकली, शाळेची पोरं, सगळे रोज तिच्यातूनच ये-जा करतात. आठला थोडा अवकाश असताना पोलिसांनी दोन्ही बाजूंनी रस्ता अडवला. सायकलच्या टोपलीत लांबट पाव घेतलेली एक बाई शेवटची लगबगीनं निघून गेली आणि मग इतकी शांतता झाली, की कुणाच्या तरी बुटाची करकर ऐकू येत होती. तिकडे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. त्यामुळे वरची नावं अगदी छतापर्यंत वाचता येत होती.

बिगुल वाजवणारे रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले. ते लष्करातले नाहीत. गावच्या अग्निशमन दलातल्या स्वयंसेवकांकडे हे काम पहिल्यापासून चालत आलेलं आहे. त्यांनी ‘लास्ट पोस्ट’ वाजवलं, म्हणजे छावणीत दिवस संपल्याची जी खूण असते ती. आपल्याकडे जवानाला अखेरचा निरोप देताना तीच धून वाजते. वरच्या पट्टीतला सूर छताला लागून परत यायचा आणि पुढच्या सुरात मिसळायचा. मग एक मिनिट स्तब्धता. मग इंग्लंडहून आलेल्या शाळेतल्या दोन मुलांनी लाल खसखशीच्या फुलांचं चक्र नेऊन पायऱ्यांवर ठेवलं. त्यातल्या मुलीचे हात थरथरत होते. टाळ्या कुणी वाजवत नाही, वाजवायच्याच नसतात. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं, रस्ता उघडला आणि त्याच दगडांवरून पुन्हा मोटारी जायला लागल्या.

एवढंच. भाषण नाही, पाहुण्यांचा सत्कार नाही, हारतुरे नाहीत. पण हे पहिल्यांदा झालं २ जुलै १९२८ रोजी, आणि १९२९ पासून रोज होतं. पाऊस असो, बर्फ असो, रोज रात्री आठला. मध्ये जर्मनांनी शहर घेतलं तेव्हा १९४० ते १९४४ खंड पडला. ६ सप्टेंबर १९४४ ला शहर सुटलं आणि त्याच संध्याकाळी बिगुल वाजला. तेव्हा गावाच्या दुसऱ्या अंगाला अजून लढाई चालू होती म्हणतात. ९ जुलै २०१५ ला या कार्यक्रमाची ३० हजारावी संध्याकाळ झाली. करोनात लोकांना यायला बंदी होती, तरी एकटा बिगुलवाला येऊन वाजवून जायचा. ठरल्या वेळी तेच काम रोज करणं म्हणजे काय असतं, हे टपालातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी पदराने डोळे पुसले ते त्या सुरांमुळे कमी आणि या नेमामुळे जास्त.

गर्दी पांगल्यावर आम्ही हिंदी, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या, पलटणींची नावं शोधली. चारशेहून अधिक आहेत. सगळी इंग्रजी अक्षरांत, पण पदं आपली. माझी नात सात वर्षांची आहे. ती नुकती इंग्रजी वाचायला लागली आहे. एकेक अक्षर लावून तिनं वाचलं आणि म्हणाली, “आजी, नाईक! आपल्या शेजारचे नाईक काका?” मी तिला सांगितलं, हे आडनाव नाही, हा हुद्दा आहे. त्याच्यावर हवालदार, त्याच्यावर जमादार. खाली नुसते शिपाई. त्यांच्यापुढे सिंग, खान, थापा, गुरुंग. १९१४ च्या सप्टेंबरअखेर लाहोर आणि ऑक्टोबरमध्ये मीरत डिव्हिजन मार्सेय बंदरात उतरली आणि महिन्याभरात यांना इथल्या चिखलात आणून उभं केलं. याच ईपरच्या आघाडीवर, होलेबेके गावापाशी, ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी शिपाई खुदादाद खान एकटा मशीनगन चालवत राहिला. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळवणारा तो पहिला हिंदी सैनिक. पुढच्या एप्रिलमध्ये याच भागात क्लोरीन वायू सोडला गेला आणि लाहोर डिव्हिजनचे लोक ओल्या फडक्यांनी तोंड बांधून पुढे गेले.

मी भिंतीवर हात ठेवून खूप वेळ वाचत होते. नाव आहे, हुद्दा आहे, पलटण आहे. गाव नाही. आयुष्यभर पाकिटं हातात घेतल्यामुळे असेल, पण माझी नजर आपोआप नावाच्या खालच्या ओळीवर जाते. मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक. ती ओळ त्या भिंतीवर कुठंच नाही.

आणि तेव्हा मला आमच्या गावचा दगड आठवला.

माझं माहेर सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. जुन्या चावडीच्या भिंतीत हातभर रुंदीचा एक पांढरा संगमरवरी दगड होता. त्यावर इंग्रजीत कोरलेलं, की या गावातून ५३ माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेली, त्यांतल्या ६ जणांनी प्राण दिले. अक्षरांतला काळा रंग निघून गेला होता. लहानपणी आम्ही त्यात बोट फिरवून अक्षरं ओळखायचो. मी पाचवीत इंग्रजीची पहिली अक्षरं गिरवली ती पाटीवर नव्हे, त्या दगडावर. असे दगड सातारा, रत्नागिरी, कुलाबा (आजचा रायगड) या बाजूच्या कितीतरी गावांत सरकारनं त्या वेळी बसवले. वाचकांपैकी अनेकांनी आपापल्या गावात पाहिले असतील. मजकूर सगळीकडे साधारण तोच, फक्त आकडे वेगळे.

ईपरला नावं आहेत पण गावं नाहीत. आमच्याकडे गाव आहे, आकडा आहे, पण नाव एकही नाही. निम्मा पत्ता तिकडे आणि निम्मा इकडे, आणि मधली शंभर वर्षं पत्र तसंच पडून आहे.

तसं पाहिलं तर आमच्या भागातली माणसं ईपरला फारशी नव्हती. खडकीच्या सॅपर्स-मायनर्सच्या, म्हणजे खंदक आणि पूल बांधणाऱ्या सैनिकांच्या, कंपन्या फ्रान्समध्ये होत्या आणि त्यांत मराठे होते. २८ ऑक्टोबर १९१४ ला नव-शापेल इथं या सॅपर्सनी हातात बंदुका घेऊन हल्ला केला आणि त्यांची फार मोठी हानी झाली. पण मराठा पलटणी बहुतेक गेल्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. सहावी पुणे डिव्हिजन टायग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेनं चढत गेली, मागं हटली आणि कुत-अल-अमारा इथं वेढ्यात सापडली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. १९१५ च्या डिसेंबरपासून पुढं जवळजवळ पाच महिने. धान्य संपलं. घोड्याचं मांस देऊ केलं, ते आपल्या लोकांनी बरेच दिवस नाकारलं. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि जे जगले ते वाळवंटातून चालत कैदेत गेले. त्या कैदेत किती मेले याची गणती आमच्या दगडावरच्या त्या ‘६’ मध्येच कुठंतरी आहे.

त्या आघाडीवरच्या बेपत्ता सैनिकांचं स्मारक बसऱ्याला आहे. ४० हजारांहून अधिक माणसांचं. लेकीनं घरी आल्यावर त्याची माहिती काढली आणि मी थंडच झाले. तिथं गोऱ्या शिपायाचं नाव भिंतीवर आहे, हिंदी अधिकाऱ्याचं नाव आहे, पण साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार फक्त आकडा कोरलेला आहे. नावं नोंदवहीत होती, पण दगडावर घेतली नाहीत. ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं याबद्दल २०२१ च्या एप्रिलमध्ये जाहीर माफी मागितली. म्हणजे आमच्या माणसाचा गावच्या दगडावरही आकडाच आणि बसऱ्याच्या दगडावरही आकडाच.

पण त्या कमिशनच्या नोंदी आता संगणकावर कुणालाही, फुकट पाहता येतात. पुढचे चार दिवस मी लेकीच्या जेवणाच्या टेबलावर तेच करत बसले. हिंदी सैनिकांच्या बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला आहे. सातारा घालून पाहिलं तर नोंदी येतच राहिल्या. अडचण अशी, की नावं लिहून घेणारे कारकून आपल्या भाषेचे नव्हते. ‘ळ’चा ‘ल’ झालेला, ‘ण’चा ‘न’, ‘वाडी’चं ‘वारी’. गणपतचं गुनपुत. लेक म्हणाली, “आई, यातून काही कळायचं नाही.” पण अर्धवट, चुकलेले, पावसात भिजलेले पत्ते वाचून पत्र योग्य थैलीत टाकणं हेच तर माझं काम होतं. कोणता कान कोणतं अक्षर चुकीचं ऐकतो हे अनुभवानं कळतं. मी प्रत्येक गावाचं नाव मोठ्यांदा, वेगवेगळ्या पद्धतीनं उच्चारून पाहत होते. नातीला तो खेळच वाटला. तीही माझ्याबरोबर म्हणायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी आमचं गाव सापडलं. शिपाई, ११० वी मराठा, बापाचं नाव, आमच्या वाडीचं नाव, पाटण, सातारा. स्मारक, बसरा. त्याचं नाव आज इथं लिहीत नाही. त्याच्या भावकीतली मंडळी पुण्यात असतात, त्यांची माझी गाठ अजून पडलेली नाही. त्यांना ते वर्तमानपत्रात वाचून कळू नये. आणखी दोन नोंदी अशा होत्या, की गाव आमचंच वाटत होतं पण खात्री देता येत नव्हती.

परत आल्यावर जुलैमध्ये घणसोलीत आमच्या मुंबईकर ग्रामस्थ मंडळाची बैठक होती. वाचकांपैकी ज्यांची गावं घाटावर किंवा कोकणात आहेत त्यांना ही मंडळं सांगायला नकोत. माझे यजमान भाजी मार्केटला माथाडी कामगार होते आणि त्या काळात डोक्यावर छप्पर मिळालं ते मंडळाच्याच खोलीत. मंडळानं गावात देऊळ बांधलं, पाण्याची टाकी बांधली, शाळेला बाकं दिली. त्या दिवशी विषय होता सभामंडपाच्या पत्र्याचा आणि चैत्री यात्रेच्या वर्गणीचा. मी दहा मिनिटं मागून घेतली आणि उभी राहिले.

आधी दगडाचं सांगितलं. चावडी पाडून तिथं नवी इमारत झाली, तेव्हा दगड आत भिंतीला लावला हे खरं, पण त्याच्यापुढे लोखंडी कपाट उभं आहे. मागच्या यात्रेला मी कपाटाच्या फटीत मोबाईलची बॅटरी धरून पाहिला, तर वरच्या कोपऱ्याला डिस्टेंपर फासलेला. कुणाला दोष द्यायचा नाही. ज्यांनी कपाट ठेवलं त्यांना दगडावर काय लिहिलं आहे ते ठाऊकच नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं ते आम्ही सगळे ऐरोली, कळवा, घणसोलीत.

मग एक तरुण मुलगा उठला. कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे, गावाला नेमानं जातो, माझ्या नात्यातलाच. म्हणाला, “आत्या, ते इंग्रजांसाठी लढले. गुलामीतल्या फौजेत होते. त्यांची नावं लावून आपण काय मिरवायचं?” प्रश्न प्रामाणिक होता आणि बैठकीत दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मी त्याला जे सांगितलं तेच इथं लिहिते. तेव्हा शिपायाला महिना ११ रुपये होते. आपल्या डोंगरात नाचणी आणि वरी, तीही पाऊस नीट झाला तर. त्या अकरातले सात-आठ रुपये मनीऑर्डरनं घरी यायचे आणि पाठच्या बहिणींची लग्नं त्यावर व्हायची. लढाई कुणाची होती हे त्याला विचारलं कुणी? ज्यांनी पाठवलं त्यांचं राज्य गेलं. जो गेला तो आपल्या आळीतला होता. आणि तो दगड इंग्रजांनी लावला, हे खरंच आहे. म्हणून तर त्यावर आकडा आहे. गावानं लावला असता तर नावं असती.

तो मुलगा काही बोलला नाही, पण आता सातारा जिल्ह्याच्या नोंदी गाववार लावून देण्याचं काम तोच करतो आहे.

बैठक संपता संपता कळव्याचे आमचे एक आप्पा जवळ आले. वय ८१. म्हणाले, “तू म्हणतीस त्या लढाईतलं काहीतरी आमच्या चुलत्याच्या देव्हाऱ्यात आहे. सिंहाची आई म्हणतात तिला. पितळेची गोल. माझा आजा सांगायचा, ती लढाईवरून आली.”

गणपतीला गावी गेले तेव्हा मी त्या घरी गेले. घरात एक काकी आणि त्यांची सून. देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि मागे भिंतीला टेकवलेली वीतभर नाही, पण तळहातापेक्षा मोठी, जाड, गोल तबकडी. कुंकू आणि तेल यांचा थर इतका, की फक्त आकार कळत होता. उभी बाई, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह. नवरात्रात तिला माळ चढते. मी पाहताक्षणी ओळखलं नाही, पण लेकीला फोटो पाठवला आणि तिनं लगेच कळवलं. महायुद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी ब्रिटिश सरकारनं एक कांशाची तबकडी पाठवली होती, साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची. तिच्यावर ब्रिटानिया, हातात त्रिशूळ, पुढं सिंह. आणि एका चौकटीत मेलेल्याचं नाव, उठावाच्या अक्षरांत. नुसतं नाव, हुद्दा नाही, कारण मरणात सगळे सारखे म्हणून हुद्दा घालायचा नाही असं ठरलं होतं.

काकींना विचारलं, चौकटीवरचं कुंकू सोडवू का? त्या क्षणभर थांबल्या, हात जोडले आणि स्वतःच कोमट पाण्यात फडकं भिजवून आणलं. दोघी मिळून हळूहळू पुसत होतो. आधी एक ‘आर’ वर आला, मग ‘ए’, मग ‘एम’. मी पूर्ण नाव वाचून दाखवलं. माझ्या यादीतल्या दोन संशयाच्या नोंदींपैकी एक.

काकी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे तर आमच्या आजेसासऱ्यांचे धाकटे. सर्वपित्रीला आम्ही एक पान वेगळं वाढतो, परमुलखात गेलेल्याचं. सासूबाई वाढायच्या, म्हणून मी वाढते. नाव कुणी सांगितलंच नव्हतं.” त्यांनी तबकडी परत जागेवर ठेवली. कडेनं हळदीकुंकू वाहिलं आणि चौकट तेवढी मोकळी ठेवली. पंधरा दिवसांनी सर्वपित्री होती. त्या दिवशी सुनेनं फोन करून सांगितलं, की यंदा पान नाव घेऊन वाढलं.

माझी विनंती आता थोडक्यात.

ठाणे आणि नवी मुंबईत प्रत्येक गावाचं, वाडीचं एक तरी मंडळ आहे. त्या मंडळांनी आपल्या गावचा दगड कुठं आहे ते आधी पाहावं. चावडी, तालीम, शाळा, देवळाची ओवरी, जुनी धर्मशाळा, कुठंही असू शकतो. चुन्याखाली असेल, फरशीत असेल. सापडला तर त्याचा फोटो काढून आकडा लिहून घ्यावा. मग नावं शोधावी. कमिशनच्या नोंदी आहेतच. पण घरातही खूप काही असतं. जुन्या पेटीत पेन्शनचा कागद असतो, पदक असतं, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘बसऱ्याला गेलेला’ असा एखादा नातलग असतो. बसरा हा शब्द घाटावरच्या किती घरांत अजून बोलला जातो, ते विचारून पाहा. ज्यांच्या देव्हाऱ्यात अशी तबकडी असेल त्यांनी तिला चिंच, राख किंवा पावडर लावून घासू नये, उठावाची अक्षरं झिजतात. कोमट पाण्याचं मऊ फडकं पुरतं. नाव वाचून लिहून घ्या आणि पुन्हा खुशाल पूजेत ठेवा.

दुसऱ्या महायुद्धातल्यांचंही हेच आहे. माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गणपतीला कोकणात जाताना माणगावला त्यांचा पुतळा पाहून आपण पुढं जातो. त्यांचंही शव सापडलं नाही, नाव कसिनोच्या स्मारकावर आहे. पण त्यांच्या शेजारच्या गावांतून त्याच पलटणीत गेलेल्या, क्रॉस न मिळालेल्या शिपायांची नावं कोण सांगेल?

आणि संपादक महोदय, आपल्याला एक मागणं. आठवड्यातून एक दिवस, एका ठरलेल्या कोपऱ्यात, चार ओळींची जागा द्या. वाचकांनी पडताळून पाठवलेलं एक नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, पलटण आणि कुठं पडला ते. बाकी काही नको, फोटो नको, लेख नको. पण वार ठरलेला असावा आणि तो चुकू नये. घरच्यांची संमती घेऊन नाव पाठवायचं, एवढा नियम ठेवला की झालं. नोंदींतली मोडकी स्पेलिंगं लावून द्यायला मी आहे. माझा पत्ता आपल्याकडे देऊन ठेवते आहे.

आमच्या मंडळानं ठरवलं आहे, की येत्या चैत्री यात्रेच्या आत कपाट हलवायचं, दगड धुऊन घ्यायचा आणि त्याच्या खाली काळ्या दगडाची एक फरशी बसवायची. पाथरवटाशी बोलणं झालं आहे. फरशीवर सहा ओळी आखायच्या. पुण्याच्या मंडळींची गाठ पडली की दोन ओळी कोरून होतील. उरलेल्या चार रेघा मारून मोकळ्या ठेवायच्या, असं त्याला सांगितलं आहे.

कळावे,

आपली,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
ऐरोली, नवी मुंबई